मंदीच्या काळातील घरखर्च : काटकसरीच्या आधी मोजायचा एक आकडा

"मंदी आली आहे, पगारात कपात झाली आहे, नोकरी टिकेल की नाही सांगता येत नाही, अशा वेळी घरातला कोणकोणता खर्च बंद करावा?" समुपदेशनासाठी येणारी कुटुंबे हा प्रश्न वारंवार विचारतात. प्रश्न रास्त आहे, परंतु त्याच्याही आधी एका प्रश्नाचे उत्तर हाती असावे लागते : उद्या घरात येणारा पैसा थांबला, तर आजच्या शिलकीवर हे घर किती महिने तग धरेल? हा आकडा माहीत नसताना केलेली काटकसर माणसाला दमवते आणि धीर मात्र देत नाही. मी असे का म्हणते, ते एका दांपत्याच्या अनुभवावरून सांगते. त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. आकडेही प्रत्यक्ष रकमेत न देता, त्यांचा महिन्याचा एकूण खर्च 100 भाग धरून त्या प्रमाणात दिले आहेत.

पहिल्या भेटीला बाई एकट्याच आल्या होत्या. झोप लागत नाही आणि घरात क्षुल्लक गोष्टींवरून खटके उडतात, ही त्यांची तक्रार होती. पतीच्या पगारात "थोडी" कपात झाल्याचे कळल्यापासून त्यांनी दिसेल तो खर्च कमी करायला सुरुवात केली होती. वर्तमानपत्र बंद केले, मुलाचा पोहण्याचा वर्ग बंद केला, खोलीतला दिवा चालू राहिला म्हणून त्याच्यावर ओरडणेही होऊ लागले. पतीच्या मनात मात्र वेगळेच होते. "हे म्हणतात, साठवलेल्या पैशातून गृहकर्जाचा मोठा भाग फेडून टाकू, म्हणजे डोक्यावरचं ओझं उतरेल. मी एकेक पैसा वाचवतेय आणि हे सगळी शिल्लक एकदम काढायला निघालेत. कुणाचं बरोबर, तेच मला कळत नाही."

पुढच्या वेळी दोघांनी मिळून यावे, असे मी सुचवले. ते आले तेव्हा दोघांना एकेक कोरा कागद दिला आणि एकमेकांकडे न पाहता घराची शिल्लक, घराची कर्जे आणि महिन्याचा खर्च लिहायला सांगितले. बाईंच्या कागदावर खर्चाची बारीकसारीक नोंद होती, कर्जाच्या रकान्यात फक्त गृहकर्ज होते. पतीने गृहकर्जाची रक्कम अचूक लिहिली होती, पण महिन्याचा खर्च प्रत्यक्षापेक्षा पाचव्या हिश्शाने कमी धरला होता. त्यांच्या कागदाच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, बाकीच्या अक्षराच्या निम्म्या आकारात, आणखी एक ओळ होती : क्रेडिट कार्ड, 60.

कपात "थोडी" नव्हती, 30 टक्के होती. कपातीपूर्वी त्यांचा पगार 90 भाग आणि बाईंच्या घरून चालणाऱ्या कामाचे 20 असे मिळून घरात 110 येत होते. आता 83 येत होते आणि खर्च 100 वरच होता. घरात द्यायचे पैसे त्यांनी कमी होऊ दिले नव्हते. पडणारी तूट ते कार्डावर ढकलत होते. संयुक्त नावाची ठेव मोडली असती तर पत्नीला कळले असते, म्हणून त्या ठेवीला हात लावला नव्हता. "पुढच्या महिन्यात भरून टाकू असं दर महिन्याला वाटायचं," एवढेच ते म्हणाले. बाईंना रकमेपेक्षा लपवल्याचे दुःख अधिक झाले, आणि ते साहजिकच होते.

त्या दिवशी मी हिशेब पुढे नेला नाही. पैशाच्या तंगीत माणूस नेहमीइतक्या स्वच्छपणे विचार करू शकत नाही, याला भक्कम आधार आहे. 'सायन्स' या नियतकालिकात 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तामिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांची पीक हाती येण्यापूर्वी आणि आल्यानंतर अशी दोनदा चाचणी घेतली होती. त्याच शेतकऱ्यांची तर्कबुद्धी व एकाग्रता जोखणाऱ्या चाचण्यांतील कामगिरी चणचणीच्या काळात खालावलेली आढळली. माणसे तीच होती, मनावरचा भार वेगळा होता. म्हणून मोठ्या रकमेचा निर्णय भांडणाच्या रात्री किंवा वाईट बातमी कळल्याच्या दिवशी घेऊ नये, असा माझा आग्रह असतो. पगार लपवणाऱ्या माणसाकडेही मी या दृष्टीने पाहते. त्याने फसवले हे खरेच, पण कमावणे म्हणजेच आपली किंमत असे मनात घट्ट बसलेल्या माणसाला कपातीचा आकडा उच्चारणे फार जड जाते, आणि घरच्यांनी चौकशी करावी तर ती बहुधा आरोपाच्या सुरात होते. मी त्या दोघांकडून फक्त एक गोष्ट कबूल करून घेतली : आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, अर्धा तास पैशाविषयी बोलायचे आणि एरवी तो विषय काढायचा नाही. बाईंची झोप, माझ्या मते, याच एका बदलाने सुधारू लागली.

पुढच्या भेटीत हिशेब मांडला. शिल्लक 480 भाग होती. पतीच्या बेताप्रमाणे त्यातले 400 गृहकर्जात भरले असते, तर हाती 80 उरले असते. कार्डाचे 60 द्यायचेच होते, म्हणजे प्रत्यक्षात उरले असते 20, जेमतेम आठवडाभराचा खर्च. येथे एक बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. कर्जात एकरकमी भरणा केला की बहुतेक वेळा कर्जाची मुदत घटते आणि मासिक हप्ता तेवढाच राहतो. त्यामुळे 400 भाग भरूनही पुढच्या महिन्याचा हप्ता टळत नाही, आणि तो भरायला हातात मात्र काही राहत नाही. नोकरी गेल्यावर तेच पैसे कर्ज म्हणून परत मागायला जावे, तर उत्पन्न नसलेल्या माणसाला कर्ज मिळणे कठीण. कर्जमुक्त होण्याची त्यांची इच्छा मनापासूनची होती आणि चांगल्या दिवसांत मी तिला पाठिंबाच दिला असता. परंतु नोकरीचा भरवसा नसताना ठेवीपेक्षा थोडे महाग पडणारे गृहकर्ज तसेच चालू ठेवून रोकड जवळ बाळगणे अधिक सुरक्षित असते. व्याजातला तो फरक हे सुरक्षिततेचे मोल आहे आणि ते देण्यासारखे आहे.

कार्डाचे गणित याच्या नेमके उलट. दरमहा 3 टक्के व्याज धरले, तर न फेडलेल्या 100 चे वर्षभरात जवळजवळ 143 होतात. केवळ किमान रक्कम, समजा थकबाकीच्या 5 टक्के, भरत राहिले आणि कार्डावर नवी खरेदी मुळीच केली नाही, तरी मूळ थकबाकी निम्म्यावर यायला सुमारे 32 महिने लागतात. ठेवीवर एवढे व्याज कोठेही मिळत नाही. म्हणून ठेवीतून 60 काढून कार्डाची बाकी त्याच आठवड्यात पूर्ण फेडावी, असे ठरले. शिल्लक 420 झाली.

मग खर्चाची छाननी केली. 100 पैकी 70 भाग टाळता न येणारे निघाले. त्यात गृहकर्जाचा हप्ता, किराणा, औषधे, शाळा, वीज आणि विम्याचे हप्ते होते. 18 भाग पुढे ढकलता येण्यासारखे होते. उरलेल्या 12 पैकी 3 कार्डाच्या किमान भरण्यात जात होते, आणि 9 नेमके कोठे जातात हे दोघांनाही सांगता येईना. खाते तपासले तेव्हा कोणीही न वापरणारी वर्गणी, आपोआप नूतनीकरण होणाऱ्या सेवा, उशिराचे दंड आणि घाईघाईने मागवलेल्या वस्तू अशी त्याची फोड झाली. दिवे विझवून वाचणारी रक्कम या 9 भागांच्या जवळपासही नव्हती. पोहण्याचा वर्ग होता 4 भागांचा; तो पुन्हा सुरू करा, असे मीच सुचवले. मंदी मुलांनाही जाणवते. त्यांना वयाला झेपेल इतके खरे सांगावे, पण त्यांच्या हातची एकुलती एक आनंदाची गोष्ट सर्वांत आधी काढून घेऊ नये.

आता आकडा निघाला. दोघांचेही उत्पन्न थांबले तर 420 भागिले 70, म्हणजे 6 महिने. बाईंचे 20 चालू राहिले तर दरमहा 50 लागतील, म्हणजे 8 महिन्यांहून थोडे अधिक. बाईंनी तो आकडा दोनदा विचारून घेतला. आपण महिन्याभरात रस्त्यावर येऊ असे त्यांना इतके दिवस वाटत होते.

6 महिने पुरेसे आहेत का, हे मला नेहमी विचारले जाते. सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. एकाच उत्पन्नावर चालणाऱ्या घराला किंवा एकाच क्षेत्रात दोघेही काम करणाऱ्या घराला जास्त लागतील. अर्थव्यवस्था सावरली म्हणजे नोकऱ्या लगेच परततात, असे मात्र समजू नये. अमेरिकेतील मंदी अधिकृत नोंदीनुसार डिसेंबर 2007 मध्ये सुरू होऊन जून 2009 मध्ये संपली, तरी तेथील बेरोजगारीचा दर त्यानंतर, ऑक्टोबर 2009 मध्ये, 10 टक्क्यांच्या शिखरावर पोहोचला. कंपन्या माणसे कमी करायला जितकी घाई करतात, तितकी घेताना करीत नाहीत.

आणखी दोन गोष्टी त्यांच्याकडून आवर्जून करून घेतल्या. नोकरीतून मिळणारा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपू शकतो, म्हणून नोकरी चालू असतानाच स्वतंत्र विमा घेतला. आणि हप्ता चुकेल असे दिसू लागले तर चुकण्यापूर्वी बँकेशी बोलायचे, हे ठरवले. चुकवून गेलेल्या कर्जदारापेक्षा आधी येऊन सांगणाऱ्याला मुदतवाढीचा मार्ग सोपा असतो. मुदत वाढली की एकूण व्याज वाढते, त्यामुळे तो शेवटचा उपाय म्हणूनच राखून ठेवावा.

सर्वांत महत्त्वाचा ठरला तो आधीच करून ठेवलेला एक निर्णय. नोकरी गेलीच, तर शिलकीचे 200 भाग उरेपर्यंत, म्हणजे बाईंचे 20 चालू राहतील असे धरून सुमारे चार महिने, आपल्याच क्षेत्रात आणि योग्य पगाराची नोकरी शोधायची. त्यानंतर मिळेल ते काम घ्यायचे. दोघांनी तो कागदावर लिहून त्याखाली सह्या केल्या.

काही महिन्यांनी नोकरी खरोखरच गेली. दोन महिने होतात न होतात तोच जुन्या पगाराच्या 60 टक्क्यांवर एक काम चालून आले, आणि पती पत्नीसह पुन्हा माझ्याकडे आले. ठरलेली मर्यादा अजून दूर होती. इतक्या कमी पगारावर जाणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. डॅनियल काह्नमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली मांडले होते की, तेवढ्याच लाभाच्या आनंदापेक्षा तोट्याचे दुःख माणसाला अधिक तीव्र वाटते. आणि एखादी गोष्ट तोटा वाटते की लाभ, हे ती कशाच्या तुलनेत पाहतो यावर ठरते. ते नवा पगार जुन्या 90 शेजारी ठेवून पाहत होते. मी त्यांना तो घराच्या 70 शेजारी ठेवून पाहायला सांगितले : नवे 54 आणि बाईंचे 20 मिळून 74 होत होते, म्हणजे शिलकीला हात न लावता घर चालणार होते आणि नोकरीचा शोधही चालू ठेवता येणार होता. "मग घ्या तुम्ही हे काम," बाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "शोधायला वेळ आहे आपल्याकडे." त्यांनी ते काम घेतले.