सात हजारांचा प्रोसेसर की पंचेचाळीस हजारांचं नवं मशीन?

इंदूरच्या रामबागेतल्या एका वाचक ताई घरून लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं डिझाइन करतात. त्यांचा डेस्कटॉप 2016 मधला आहे: आय3-6100 प्रोसेसर, एच110 मदरबोर्ड, 8 जीबी डीडीआर4 रॅम, 1 टीबी हार्ड डिस्क, विंडोज 10. महिन्याला साधारण 18,000 रुपये सुटतात आणि रोज अर्धा तास मशीनची वाट बघण्यात जातो. सिल्व्हर मॉलमधला एक दुकानदार म्हणाला, ‘दीदी, आय-सेवन डलवा लो, रॉकेट हो जाएगा’, म्हणजे जुना आय7-7700, 7,000 रुपयांत. दुसऱ्याने 45,000 चं नवं मशीन नो-कॉस्ट ईएमआयवर देऊ केलं. ताई विचारतात, 60,000 ची एफडी मोडून नवं घ्यावं का?

ताई, एफडी मोडू नका. तुमची कमाई सीझनवर चालते. पितृपक्षात आणि चातुर्मासात लग्नपत्रिका कोण छापतं? त्या महिन्यांसाठीच ते 60,000 आहेत. मुदतीआधी मोडली की व्याजाचा दरही बहुतेक बँका कापतात.

आता प्रोसेसर. पैसे देण्याआधी मशीन नक्की कुठे अडतं ते बघा, याला खर्च शून्य. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली एखादी जड फाइल उघडा, नेहमीसारखे क्रोम आणि व्हॉट्सअ‍ॅप चालू ठेवा आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजरमधल्या परफॉर्मन्सच्या पानावर, मशीन अडकलेलं असतानाच, नजर टाका. डिस्क 100 टक्के आणि सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, निवांत असेल, तर दोष हार्ड डिस्कचा. मेमरी काठोकाठ भरली असेल, तर विंडोज हार्ड डिस्कलाच रॅमसारखं वापरू लागतं आणि सगळं रांगायला लागतं. दोन्हींत आय7 काही करणार नाही.

तिसरी शक्यता फसवी आहे. सीपीयू जेमतेम 25-30 टक्के दिसतो, डिस्क शांत, तरी तुम्ही वाट बघताय. आय3-6100 मध्ये दोन कोर, म्हणजे काम करणारे भाग, आणि चार थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या रांगा, आहेत. एकच थ्रेड पूर्ण राबत असेल, तर एकूण आकडा पावाच्या आसपास दिसतो. अशा कामाला जास्त कोरचा उपयोग नाही, एका कोरचा वेग लागतो. तुमचा 3.7 गिगाहर्ट्झवर चालतो, 7700 जास्तीत जास्त 4.2 वर. ढोबळ साडेतेरा टक्के फरक.

हे रुपयांत मांडू. रोज सहा तास आणि महिन्याला पंचवीस दिवस धरले, तर तुमचा तास 120 रुपयांना पडतो. अर्ध्या तासाच्या कामाचा वेग साडेतेरा टक्क्यांनी वाढला, तर दिवसाला साडेतीन मिनिटं वाचतात, महिन्याला दीड तास, म्हणजे 180 रुपये. 7,000 वसूल व्हायला सव्वातीन वर्षं! तेही वाचलेला प्रत्येक मिनिट विकला गेला तर. ऑर्डरच नसेल तेव्हा वाचलेल्या वेळेचे पैसे होत नाहीत.

उरली शेवटची शक्यता: चारही थ्रेड 90 टक्क्यांच्या वर. तेव्हाही आधी तापमान बघा. ते दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. नऊ-दहा वर्षांत कूलरमध्ये धूळ साचते, थर्मल पेस्ट वाळते आणि फार तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. साफसफाई करून पुन्हा मोजा. त्यानंतरही अडत असेल तर 7700 चा मुद्दा खरा धरू. पण त्याला आधी, जुना प्रोसेसर बसलेला असतानाच, बायॉस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करावं लागू शकतं. आय7-6700 ला बहुधा ती भानगड नाही. जुना प्रोसेसर घेताना दुकानातच सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये त्याचं नाव तपासा, अर्धा तास पूर्ण भार टाकणारी स्ट्रेस टेस्ट चालवून घ्या. या सॉकेटच्या पिना बोर्डात असतात, एक वाकली तर बोर्डच जातो, म्हणून घरी प्रयोग नकोत.

माझं मन मात्र वेगळ्याच कारणाने मागे ओढतं. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. घरगुती ग्राहकांना वाढीव सुरक्षा अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतच जाहीर झाले आहेत. विंडोज 11 ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. 6700 सहाव्या पिढीचा, 7700 सातव्या, आणि तुमच्या बोर्डवर आठवी पिढी चालतच नाही. म्हणजे हे 7,000 पडायला आलेल्या वाड्याला रंग देण्यासारखे आहेत.

डिस्कचा दोष निघाला तर सॅटा एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, घ्या. ती उद्या नव्या मशीनमध्येही लागेल, 7700 लागणार नाही.

दोन्ही दुकानदारांनी न सांगितलेला एक रस्ता आहे. फक्त बोर्ड आणि प्रोसेसर बदला: डीडीआर4 रॅमचा एच610 बोर्ड आणि आय3-12100. चार कोर, आठ थ्रेड, विंडोज 11 अधिकृतपणे चालतं. तुमची रॅम, कॅबिनेट, मॉनिटर आणि घेतली असेल तर एसएसडी तशीच राहतात. रॅमचे भाव 2025 च्या अखेरीपासून जोरात चढलेत, त्यामुळे हातातली 8 जीबी वाचवणं आज जास्त मोलाचं आहे. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, मात्र दहा वर्षांचा झालाय, तो तपासून घ्या. बोर्ड, प्रोसेसर आणि एसएमपीएस या तिन्हींचं कोटेशन मागवा. 45,000 च्या पुष्कळ आत बसायला हवं.

नो-कॉस्ट ईएमआयबद्दल एवढंच: व्याजाइतकी सूट दाखवतात, पण क्रेडिट कार्डावर घेतलं तर त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि असल्यास प्रोसेसिंग फी तुमच्याकडून जाते. रोख किंमत वेगळी विचारा. त्यापेक्षा महिन्याला 4,000 ची आरडी सुरू करा.

तुळशीच्या लग्नानंतर सीझन लागतो, त्या धांदलीत मशीन उघडू नका. आयकरात अनुमानित पद्धतीने, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर, उत्पन्न दाखवत असाल तर घसारा, म्हणजे मशीनच्या झिजेची वजावट, वेगळा मिळत नाही. हिशेबाची पुस्तकं ठेवत असाल तर संगणकावर 40 टक्के मिळतो, पण घेतला त्या आर्थिक वर्षात तो 180 दिवसांपेक्षा कमी वापरला तर त्या वर्षी निम्माच. बिल पक्कं घ्या, तुमच्या व्यवसायाच्या नावाने.