लेसिकनंतर नंबर पुन्हा वाढतोय. सीथ्रीआर केल्यावर साफ दिसेल का?

लेसिकला, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवायच्या लेसर शस्त्रक्रियेला, चार वर्षं झाली, उजव्या डोळ्याचा सिलिंड्रिकल नंबर वाढतोय, रात्री झुआरी पुलावर समोरचा एक दिवा तीन-तीन दिसतो, आणि डॉक्टर एक्टेशिया म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. मी फोंड्यात कॉन्टॅक्ट लेन्स बसवण्याचं काम करतो, डॉक्टर नव्हे. पण असे डोळे रोज बघतो.

साफ दिसण्यासाठी सीथ्रीआर हा उपचार नसतोच. लेसिकमध्ये बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होतो. काहींचा मुळातच कमकुवत असतो, मग आतल्या दाबाने तो पुढे फुगत जातो, हाच एक्टेशिया. सीथ्रीआर ते फुगणं थांबवायला. मूळ पद्धतीत वरचा थर खरवडून अर्धा तास रायबोफ्लेविनचे (जीवनसत्त्व बी-2) थेंब, मग अर्धा तास अतिनील प्रकाश. त्याने कॉर्नियातले तंतू एकमेकांत घट्ट बांधले जातात. यासाठी थर काढल्यावर साधारण 400 मायक्रॉन जाडी उरायला हवी. लेसिक झालेल्या डोळ्यात आधीच तूट, म्हणून फुगवटा वाढतोय हे कॉर्नियाच्या स्कॅनमध्ये दिसत असेल तर चालढकल नको. नंतरचे तीन-चार दिवस डोळा चांगलाच दुखतो, आणि काही आठवडे आधीपेक्षा धूसर दिसतं. तेव्हा घाबरून डॉक्टर बदलणारे मी पाहिलेत!

दृष्टी मिळते ती लेन्सने. मऊ लेन्स कॉर्नियाचाच वाकडा आकार घेते, तिचा फारसा उपयोग नाही. लहान कडक लेन्स चालते, पण लेसिकने मध्यभाग सपाट आणि खाली फुगवटा, त्यामुळे ती डुगडुगते. शिवाय उसगावसारख्या खनिज ट्रकांच्या रस्त्यावर दुचाकी चालवत असाल तर आत कण गेला की डोळ्यात कुसळ! माझी पसंती स्क्लेरल लेन्सला. ती पांढऱ्या भागावर टेकते, कॉर्नियाला शिवत नाही, मध्ये सलाइन राहतं. महाग आहे, घालायला शिकावी लागते. आणि सलाइन म्हणजे सीलबंद, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलंच. विहिरीचं किंवा नळाचं पाणी लेन्सला लागू देऊ नका, त्यातल्या अमीबाने कॉर्निया कायमचा जाऊ शकतो.

कोणी ‘उरलेला नंबर पुन्हा लेसरने काढू’ म्हटलं तर नाही म्हणा. डोळे चोळणं बंद. लेसिकआधीचे स्कॅन त्या दवाखान्यातून मागून घ्या, आणि डाव्या डोळ्याचाही नवा स्कॅन करा, त्याने चांगलं दिसत असलं तरी.