वाचकांचे प्रश्न : सेटवर आम्हाला कुणी आत घेईल का?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की चित्रपटाच्या व्यवसायात पहिलं काम मिळायला ओळख लागते, आणि ज्यांची कुणाशीच ओळख नाही त्या मुलांना आत घेणं हे आम्हा जुन्या मंडळींचं काम आहे. त्यावर बरीच पत्रं आली. मुलांची आली, पालकांची आली, आमच्याच व्यवसायातल्या एकाचंही आलं. त्यातली काही इथे घेतली आहेत. मी चित्रपटांची एडिटर आहे, त्यामुळे उत्तरं एडिटिंगच्या टेबलावरून दिसतं तशी आहेत.

प्रश्न : मी अकरावीत आहे. मित्रांना घेऊन फोनवर अकरा मिनिटांची शॉर्टफिल्म केली. बऱ्याच दिग्दर्शकांना लिंक पाठवून ‘प्लीज बघा आणि कशी वाटली सांगा’ असं लिहिलं. एकाचंही उत्तर नाही. फिल्म वाईट आहे म्हणून, की मी कुणीच नाही म्हणून?

दोन्ही नाही. बहुतेकांनी ती उघडलीच नसणार. शूटिंगमध्ये अडकलेल्या माणसाला ‘कशी वाटली’ या प्रश्नाचं उत्तर द्यायचं, तर अकरा मिनिटं नीट बघावं लागतं, विचार करावा लागतो आणि तुझं मन न दुखावता ते लिहावं लागतं. तो म्हणतो रविवारी बघू, आणि तो रविवार येत नाही. म्हणून दोन ओळींत उत्तर देता येईल असं काहीतरी विचार. आणि दिग्दर्शकालाच का? चित्रपट संपल्यावर श्रेयनामावलीत एडिटर, साऊंड रेकॉर्डिस्ट, असिस्टंट कॅमेरामन यांची नावं येतात. त्यांना कुणी पत्र लिहीत नाही. त्यांच्याकडून उत्तर येण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे.

तू लिंक दिली होतीस, म्हणून मी फिल्म बघितली. सुरुवातीला गजर वाजतो, हात येऊन तो बंद करतो, मग दात घासणं, बुटाची नाडी बांधणं, दार लावणं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या फिल्म अशाच सुरू होतात, कारण गोष्टही दिवसासारखी सकाळी सुरू व्हायला हवी असं सगळ्यांना वाटतं. तुझी गोष्ट चौथ्या मिनिटाला सुरू होते. भाऊ घरी येतो, बहीण शर्टाला बटण लावत बसलेली आहे आणि ती मान वर करत नाही. सुई थांबते, परत चालू होते. ही तुझी फिल्म! पण तू दोनच सेकंदांत तिच्यावरून कट करून भावाच्या चेहऱ्यावर जातोस, कारण डायलॉग त्याचा आहे. डायलॉग ज्याचा शॉट त्याचाच, असा काही नियम नाही. त्याचं बोलणं ऐकू येऊ दे आणि आपण तिच्या हाताकडे बघत राहू. तो काय बोलतोय यापेक्षा ते तिच्यापर्यंत कसं पोचतंय, हे जास्त महत्त्वाचं आहे.

फाईलची एक कॉपी कर. बटणाच्या आधीचं सगळं उडव आणि तिथून सुरू कर. मग एकदा आवाज बंद करून बघ आणि एकदा डोळे मिटून नुसती ऐक. पहिल्या वेळी गोष्ट कुठे कळत नाही ते समजेल, दुसऱ्या वेळी आवाज कुठे तुटतोय ते. नवा कट मासिकाच्या पत्त्यावर पाठव, मी बघेन.

प्रश्न : माझी मुलगी नुकतीच अठरा वर्षांची झाली. तिला साऊंड रेकॉर्डिंग शिकायचं आहे. एका युनिटनं सांगितलं, ‘तीन महिने येऊ दे, पैसे मिळणार नाहीत, पण अनुभव मिळेल.’ रात्रीचंही शूटिंग असतं म्हणे. नाही म्हटलं तर संधी जाईल आणि हो म्हणायला मन धजत नाही. काय करावं?

तुमची काळजी अगदी रास्त आहे. त्या युनिटला आधी एकच विचारा : तिनं बघायला यायचं आहे, की काम करायला?

बघायला जाणं वेगळं. दोन-चार दिवस, कोपऱ्यात उभं राहून, वही घेऊन, अंगावर कसलीही जबाबदारी न घेता. त्याचे पैसे नसले तरी गैर नाही. पण ती बूम (लांब काठीवरचा माईक) धरणार असेल, बॅटऱ्या चार्ज करणार असेल, केबल गुंडाळणार असेल, प्रत्येक टेकची नोंद लिहिणार असेल, तर ते काम आहे आणि कामाचं मानधन असतं. तीन महिने फुकट राबणं कुणाला परवडतं? ज्यांच्या घरून खर्च निघतो त्यांनाच. बाकीची हुशार मुलं दारातूनच परत जातात आणि मग आम्हीच म्हणत बसतो की नव्या पिढीत साऊंडला माणसं मिळत नाहीत. मला याचा मनापासून राग येतो.

कामासाठी बोलावत असतील तर पुढच्या गोष्टी लेखी मागा. ती कुणाच्या हाताखाली असेल, त्या माणसाचं नाव. कॉल टाइम (सेटवर हजर व्हायची वेळ) आणि पॅक-अप (दिवसाचं काम संपणं) यांच्यात जास्तीत जास्त किती तास. रात्री उशिरा पॅक-अप झालं तर घरी कोण सोडणार. अपघात झाला तर विमा आहे का. कुणी त्रास दिला तर तक्रार कुणाकडे करायची. आणि ती व्यक्ती तिच्या विभागाच्या प्रमुखापेक्षा वेगळी हवी. श्रेयनामावलीत नाव येणार का. यात जास्तीचं मागणं म्हणावं असं काहीच नाही, नीट चालणाऱ्या युनिटकडे ही उत्तरं तयारच असतात. ‘एवढं विचारायचं असेल तर राहू दे’ असं कुणी म्हणालं, तर राहू द्या. त्या युनिटवर तुमची मुलगी काही शिकली नसती.

आणि चांगल्या माणसाच्या हाताखाली गेली तर काय शिकेल, तेही सांगते. सीन संपला की साऊंड रेकॉर्डिस्ट ‘रूम टोन’ म्हणून ओरडतो. मग सगळं युनिट जिथल्या तिथे स्तब्ध उभं राहतं, कुणी खोकतसुद्धा नाही, आणि त्या खोलीची नुसती शांतता अर्धा-एक मिनिट रेकॉर्ड होते. बघणाऱ्याला वाटतं, हे काय? पण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. कुठे पंख्याची घरघर, कुठे लांबच्या रस्त्याची गाज. मी दोन वाक्यांमधला ‘अं…’ काढते तेव्हा तिथे भोक पडतं, आणि ते बुजवायला त्याच खोलीची शांतता लागते. ती रेकॉर्ड केली नसेल तर प्रेक्षकाला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण कान अडखळतो. घाईघाईत पॅक-अप होत असताना ते अर्धं मिनिट हट्टानं मागून घेणारा असिस्टंट एडिटरला फार प्रिय असतो. तुमच्या मुलीला हे नक्की सांगा.

प्रश्न : शिकायला सुरुवात करायची आहे. कोणता कॅमेरा घेऊ?

कोणताही घेऊ नका. हातातला फोन पुरे. फ्रेम रेट, म्हणजे एका सेकंदात किती चित्रं घ्यायची ते, २४ किंवा २५ ठेवा आणि शूटिंगभर बदलू नका. फोकस आणि एक्स्पोजर (चित्र किती उजळ दिसेल ते) लॉक करा. खर्च करायचाच असेल तर आधी माईकवर करा आणि तो बोलणाऱ्याच्या जवळ न्या. ‘टँजरिन’ हा शॉन बेकर यांचा २०१५ सालचा चित्रपट आयफोन ५एसवर चित्रित झाला, हे सगळे सांगतात. त्या फोनवर खास लेन्स-अडॅप्टर होता आणि आवाज वेगळ्या, व्यावसायिक यंत्रणेवर रेकॉर्ड केलेला होता, हे कुणी सांगत नाही. एडिटिंगला दा विंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती आहे, तिच्यावर पूर्ण लांबीचा चित्रपटसुद्धा कापता येतो.

प्रश्न : मी बरीच वर्षं कॅमेरामन म्हणून काम करतोय. शाळा-कॉलेजात व्याख्यानाला बोलावतात. मी क्लिप दाखवतो, मुलं टाळ्या वाजवतात, फोटो काढतात, पुढे काहीच होत नाही. खरोखर उपयोगी पडायचं असेल तर काय करावं?

हे पत्र वाचून फार बरं वाटलं. हा प्रश्न आपल्यातल्या प्रत्येकानं स्वतःला विचारायला हवा.

तुम्ही कॅमेऱ्याचे, म्हणून सुब्रत मित्र यांची गोष्ट. तुम्हाला ठाऊक असेल, तरी वाचकांसाठी सांगते. फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वार ‘द रिव्हर’ हा चित्रपट करायला कोलकात्याला आले तेव्हा मित्र विशीच्या आसपास होते. त्यांनी त्या युनिटवर काम मागितलं, मिळालं नाही. वडिलांच्या पाठपुराव्यामुळे शूटिंग बघायची परवानगी तेवढी मिळाली. मग हा मुलगा रोज उभा राहून वहीत आकृत्या काढायचा : कुठला लाइट कुठे, कॅमेरा कुठून कुठे गेला, नट कुठे उभे होते. पुढे रिटेकच्या वेळी प्रकाश आधीसारखा जुळवायला त्या चित्रपटाचे छायालेखक, ज्याँ यांचे पुतणे क्लोद रेन्वार यांनीच त्याच्या आकृत्या मागून घेतल्या! तोवर मूव्ही कॅमेरा न चालवलेल्या या मुलाला सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’ला छायालेखक म्हणून घेतलं. आणि १९५६च्या ‘अपराजितो’त बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभं करताना त्यानं वर कापड ताणून त्यावरून प्रकाश परतवला, तेव्हा सेटवर खऱ्या दिवसाचा उजेड पडला. असा परतवलेला प्रकाश म्हणजे बाउन्स लाइट, आज आपण तो सहज लावतो.

यात रेन्वार मंडळींनी व्याख्यान दिलं नाही. मुलाला उभं राहू दिलं, त्याची वही बघितली आणि ती वापरली. माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट ती तिसरी. आपल्या कामाचा खऱ्या कामात उपयोग झाला, हे त्या वयात कळलं की माणूस त्या क्षेत्राचा होऊन जातो.

तेव्हा पुढच्या चित्रपटाचं बजेट ठरताना तुमच्या विभागात एक जागा शिकाऊ मुलासाठी किंवा मुलीसाठी मागा, मानधनासकट. बजेट ठरून गेल्यावर ती मिळत नाही, आधीच मागावी लागते, आणि तुमच्यासारख्यानं मागितली तर निर्माता सहसा नाही म्हणत नाही. ती जागा उघड जाहीर करा. शाळेत गेलात तर तिथे सांगा, वाचनालयाच्या फळ्यावर लावा. नाहीतर निर्मात्याचा भाचा येतो. तो भाचा गुणी असेलही, पण त्याला दार आधीच उघडं आहे. कॅमेरा हाताळता येतो का, हे निवडताना बघू नका. ज्यांना कधी कॅमेरा मिळालाच नाही त्यांच्यावर तो अन्याय होतो. त्यापेक्षा खिडकीतून काय दिसतं ते त्यांना अर्धं पान लिहायला सांगा आणि कोण कसं बघतंय ते बघा.

एक नाजूक गोष्ट. मूल अडलं की आपला हात शिवशिवतो. ‘सरक, मी दाखवतो’ म्हणून आपण लाइट हलवतो आणि शॉट सुंदर होतो, पण मग तो आपला शॉट झालेला असतो. मी मुलांबरोबर बसते तेव्हा कीबोर्ड त्यांच्याकडे ठेवते आणि विचारते, ‘इथे तुला कुणाकडे बघायचंय?’ आणि आपला सल्ला त्यांनी ऐकलाच पाहिजे असंही नाही. इराणमध्ये मुलांसाठी काम करणारी कानून नावाची संस्था आहे. तिथे १९७० साली अब्बास कियारोस्तामी यांनी पहिला लघुपट केला, पाव घेऊन घरी निघालेला मुलगा आणि गल्लीत आडवा आलेला कुत्रा यांचा. मुलगा आणि कुत्रा एकाच फ्रेममध्ये हवेत, असा त्यांचा हट्ट होता. अनुभवी कॅमेरामनला ते वेगवेगळ्या शॉटमध्ये घ्यायचे होते. तंत्राच्या सोयीनं बघितलं तर कॅमेरामनचं बरोबरच होतं. पण एका फ्रेमचा तो हट्ट कियारोस्तामींनी पुढेही सोडला नाही, आणि त्यांच्या चित्रपटांची ताकद त्यातच आहे.

व्याख्यानं सोडू नका. फक्त क्लिपऐवजी वाया गेलेले टेक दाखवा, आणि निघताना तुमचा ईमेल फळ्यावर लिहून या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एक-दोघंच लिहितील. त्यांना उत्तर द्या. शिकणारं मूल अठरा वर्षांखालचं असेल तर पालकांची लेखी संमती घ्या, त्याच्याशी एकट्यानं भेटीगाठी ठेवू नका, शाळेचं किंवा घरचं कुणीतरी सोबत असू द्या. हे तुमच्यावर संशय म्हणून नाही. सगळ्यांनी पाळलं म्हणजे ज्याच्यावर संशय घ्यायला हवा त्याला आडोसा मिळत नाही.

प्रश्न : मी शाळेत शिक्षिका आहे. वर्गात तीस मुलं आणि फोन एकच, माझा. यात फिल्ममेकिंग शिकवता येईल का?

येईल, ताई. मॉस्कोत १९१९ साली चित्रपटशाळा निघाली तेव्हा कच्च्या फिल्मची इतकी टंचाई होती, की लेव्ह कुलेशॉव्ह यांचे विद्यार्थी फिल्मशिवायच फिल्म करायचे. प्रसंग शॉटमध्ये तोडून रंगमंचावर करून दाखवायचे, जणू कॅमेरा समोर आहे.

तुम्हीही तसंच सुरू करा. सहा-सहांचे पाच गट. प्रत्येकाला एकच प्रसंग : कुणीतरी काहीतरी हरवतं आणि दुसऱ्याला ते सापडतं. डायलॉग नाही. आधी कागदावर सहा चौकटी काढायच्या. मग पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी कापून तिच्यातून बघत जागा ठरवायच्या, आणि सगळं ठरल्यावरच तुमचा फोन हातात द्यायचा. शॉट क्रमानंच घ्यायचे, एक टेक, म्हणजे एडिटिंग लागत नाही. दिग्दर्शक, कॅमेरा, आवाज, नट, कंटिन्युइटी (एका शॉटमधलं दुसऱ्यात जुळतंय ना ते बघणं), क्लॅप (शॉटच्या सुरुवातीची पाटी) असं प्रत्येकाला एक काम, आणि पुढच्या वेळी कामं फिरवायची. नाहीतर सगळ्यात मोठ्या आवाजाचा मुलगा कायमचा दिग्दर्शक होतो आणि मुली कायमच्या कंटिन्युइटीला बसतात.

पाचही फिल्म त्याच दिवशी, त्याच वर्गात, भिंतीवर किंवा संगणकावर सगळ्यांना दाखवा. आणि तुमच्या ओळखीत साऊंडचं किंवा कॅमेऱ्याचं काम करणारं कुणी असेल तर त्यांना व्याख्यानाला न बोलावता त्या दिवशी बघायला बोलावा, मुलांच्या शेजारी बसवा. कुणी सापडलं नाही तर मला कळवा. वरचं पत्र लिहिणारे कॅमेरामन उपयोगी पडायची वाट शोधतच आहेत. त्यांची हरकत नसेल तर तुमचं पत्र मी त्यांच्याकडे पाठवते.