वही कोणाच्या हाती द्यायची?

"माझ्या मुलीचा निबंध तिच्याहून कमी गुण मिळवणाऱ्या मुलीने का तपासावा?" शाळेत समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रगतिपत्रकात शिक्षकांच्या मूल्यमापनासोबत स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापन यांनाही स्थान देण्यात आले आहे, त्यामुळे पालकांची ही काळजी समजण्यासारखी आहे. तिचे मूळ मात्र बहुतेक वेळा गुणांच्या फरकात नसते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून मी येथे एक अनुभव सांगते.

नववीत शिकणाऱ्या एका मुलीची आई माझ्याकडे आली होती. दर गुरुवारी सकाळी मुलीच्या पोटात दुखू लागे आणि दुपारपर्यंत ते आपोआप थांबे. डॉक्टरांना काही आढळले नव्हते. मराठीच्या निबंधाचा तास गुरुवारी असतो, हे आईनेच लक्षात आणून दिले आणि पिशवीतून मुलीची वही काढून माझ्यासमोर ठेवली. जूनपासूनच्या चार निबंधांखाली "छान. अक्षर सुंदर." एवढाच शेरा होता. पाचवा निबंध गावच्या आठवडी बाजारावर होता. त्याखाली पेन्सिलीने लिहिले होते, "हे तू स्वतः लिहिलंस असं वाटत नाही." आई म्हणाली, "मॅडम, जिला स्वतःला धड लिहिता येत नाही, तिने माझ्या मुलीला चोर ठरवायचे का?"

मुलीशी एकटीशी बोलले तेव्हा उलगडा झाला. शेरा लिहिणारी तिच्याच बाकावरची, पाचवीपासूनची मैत्रीण होती. बाई बाकावरच्या दोघींना वह्यांची अदलाबदल करायला सांगत, त्यामुळे जून महिन्यापासून या दोघीच एकमेकींच्या वह्या तपासत होत्या. चार वेळा दोघींनी एकमेकींना सांभाळून घेतले. पाचव्या वेळी माझ्यासमोर बसलेल्या मुलीने मनापासून तपासायचे ठरवले आणि मैत्रिणीच्या निबंधातील शुद्धलेखनाच्या सात चुकांना लाल गोल केले. मैत्रिणीने आपल्या वहीवरचे ते सात गोल पाहिले तेव्हा हिची वही तिच्याच हातात होती. पेन्सिलीचा तो शेरा त्यानंतर उमटला होता.

आईला मी स्पष्टपणे सांगितले, "ताई, तिला गुण कमी मिळतात म्हणून हे घडलेले नाही. माझी वही जिच्या हातात आहे, तिचीच वही माझ्याही हातात असेल, तर एक तर भिडेखातर गोड लिहिले जाते किंवा राग निघतो." मोठी माणसेही अशा वेळी खरे लिहायला कचरतात, मग चौदा वर्षांच्या मुलींकडून वेगळी अपेक्षा कशी करायची?

वर्गशिक्षिकांना दोष द्यावा असे मला वाटले नाही. पस्तीस मिनिटांच्या तासात अठ्ठेचाळीस मुले जागेवरून उठवायची म्हटली, तर दहा मिनिटे त्यातच जातात. त्यांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकले आणि आम्ही मिळून जोड्या लावण्याची पद्धत बदलली. निबंध वहीऐवजी सुट्या कागदावर, नावाच्या जागी चिठ्ठीतला क्रमांक घालून लिहायचा. एकाचा कागद दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे आणि तिसऱ्याचा पहिल्याकडे जाईल असा तिघांचा फेर करायचा आणि दर वेळी तिघे नवे निवडायचे. अक्षरावरून मुले एकमेकांना ओळखतात, त्यामुळे केवळ नाव झाकण्यावर माझा फारसा भरवसा नव्हता. फेरात परतफेडीला वाव राहत नाही, हे मला अधिक मोलाचे वाटले. फार मोठे अंतर असलेली मुले मात्र एका फेरात घ्यायची नाहीत असे ठरले, कारण तेव्हा मागे पडलेले मूल दबून "छान" लिहिते आणि पुढचे मूल दुसऱ्याचा निबंध स्वतःच नव्याने लिहून काढते. गुण देण्याचे काम बाईंकडेच राहिले. ज्याच्याकडे आपला कागद जाऊ नये असे वाटते, असे एक नाव प्रत्येकाने सत्राच्या सुरुवातीला चिठ्ठीवर गुपचूप द्यायचे, हा आग्रह मात्र माझा होता.

आईचा मूळ प्रश्न तरीही शिल्लक होता. परक्याचे लेखन वाचून शेरा लिहिणाऱ्याचाही त्यात मोठा फायदा होतो, हे मी त्यांना समजावले. क्रिस्टी लुंडस्ट्रॉम आणि वेंडी बेकर यांनी इंग्रजी लेखन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ इतरांचे लेखन तपासणाऱ्यांची स्वतःच्या लेखनातील प्रगती, केवळ अभिप्राय घेणाऱ्यांपेक्षा अधिक झाल्याचे त्यांना आढळले होते. आईने मान हलवली, पण त्यांचे समाधान झालेले नव्हते.

ते पुढच्या महिन्यात झाले. बाईंनी आठवडी बाजाराचा निबंध मुलीला पुन्हा लिहायला सांगितला आणि या वेळी तिचा कागद मराठीत तिच्याहून काहीसे कमी गुण मिळवणाऱ्या एका मुलाकडे गेला. त्याने खाली लिहिले होते, "बाजार दुपारी संपतो असं लिहिलंय. आमचं पाल दिवे लागल्यावर उतरतं. मिरचीवाले सगळ्यात शेवटी उठतात." शुद्धलेखनाच्या तीन चुका त्या शेऱ्यातच होत्या. मुलीने शेवटचा परिच्छेद बदलला आणि त्यात दिवेलागणीला दोऱ्या सोडणारी माणसे आली. आईने दोन्ही निबंध माझ्यासमोर शेजारी ठेवून वाचले आणि आधीच्या निबंधातले "रंगीबेरंगी" आणि "गजबजलेला" हे शब्द आपणच सुचवले होते, हे हळू आवाजात सांगितले. मैत्रिणीची शंका अगदीच निराधार नव्हती, हे तेव्हा आम्हा दोघींच्याही लक्षात आले.

गुरुवारचे पोटाचे दुखणे पुढे थांबले. दोघी आजही एकाच बाकावर बसतात. दिवाळीच्या सुटीनंतर नव्या चिठ्ठ्या घेतल्या, तेव्हा मुलीने पुन्हा मैत्रिणीचेच नाव दिले आणि मला येऊन सांगितले, "मॅडम, भांडण मिटलंय. पण माझा कागद तिच्याकडे गेला, तर तिला परत छानच लिहावं लागेल."