दोन दुःखी पोरं एकत्र खेळली तर?

ज्या मुलाच्या घरात कुणी वारलंय, त्याची तशाच दुसऱ्या मुलाशी गट्टी जमली की घरची माणसं धास्तावतात. बेळगावच्या वडगाव भागातल्या एका आजी हीच काळजी घेऊन आल्या. "आमचं पोरगं आधीच गप्प. त्यात ती शेजारची पोरगी. दोघं मिळून अजून खुळी होतील की ओ मॅडम!"

ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. नातू अकरा वर्षांचा, मराठी शाळेतला. वडील उद्यमबागेत फौंड्रीत होते, हृदयविकाराने गेले. पोरगी आठची, कन्नड घरातली. आई आजारपणात गेल्यावर आजोळी आलेली. तो दिवसभर क्रिकेट खेळणारा, ती दाराआड उभी राहणारी. एरवी एकमेकांकडे पाहिलंही नसतं.

आजींना खटकत होता त्यांचा खेळ. कापड विणायच्या मागाच्या खोलीबाहेरच्या हातगाडीवर ती डोळे मिटून पडायची, हा तोंडाने सायरन वाजवत गाडी ढकलायचा. दवाखान्यात 'डॉक्टर' कधी तिला वाचवायचा, कधी नाही. मग दोघं कट्ट्यावर बसून शेंगा खायची. "असलं अभद्र कुणी खेळतं काय?"

खेळतात. उलट त्या गल्लीत मरणाविषयी खरं बोलणारी हीच दोघं होती. पोरीला घरी 'अव्वा (आई) गावाला गेली' असं सांगितलेलं. पाच-सहा वर्षांच्या मुलांना मरण कायमचं असतं हे नीटसं उमगत नाही. आठ-नऊपर्यंत बहुतेकांना कळतं, आणि आपल्याला फसवलं जातंय हेही. शिवाय मुलं सलग शोक करत नाहीत. आत्ता रडतील, लगेच खेळायला पळतील. त्यावरून 'काही वाटतच नाही याला' असं कुणी म्हणू नये.

खेळाचा शेवट दर वेळी तोच असेल, खेळून मूल आणखी घाबरत असेल, झोप-जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलं असेल, तर तज्ज्ञाकडे न्या. 'मलाही बाबांकडे जायचंय' म्हणालं तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मोफत बोलता येतं.

इथे शेवट रोज बदलत होता. म्हणून खेळ थांबवू नका म्हटलं. घरात बाबांचं नाव निघू द्या, आणि पोरीला तिच्या आजीनेच सरळ सांगावं, की आई वारली.

आता वडील तिला गोकाकला न्यायचं म्हणतायत. जाऊ दे. फक्त माणूस एकाएकी नाहीसं होणं दोघांनी एकदा पाहिलंय. तेव्हा तारीख आधी सांगा, दोघांना भेटू द्या, आणि रविवारी फोन लावून द्या.