आधी स्ट्रिपरपाशी जा

चि. ...,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. पाणबुडीवर काम करायचं होतं आणि बडोद्यातच अमाइन युनिटावर, म्हणजे गॅसमधले नको ते वायू अमाइनच्या द्रावणाने काढण्याच्या कामावर, पाळ्या कराव्या लागतात, म्हणून शिकलेलं वाया गेलं म्हणतोस. अरे, आण्विक पाणबुडी महिनोन्‌महिने पाण्याखाली असते. आतला प्रत्येक माणूस दिवसाला साधारण 1 किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. अशा कित्येक पाणबुड्यांत तो काढतात मोनोइथेनॉलअमाइननेच, म्हणजे एमईएने. गार द्रावणात शोषायचा, द्रावण तापवून सोडवायचा, दाबून समुद्रात टाकायचा. द्रावण गार करून पुन्हा फिरवायचं. तुझ्या युनिटात दुसरं काय चालतं?

म्हणून सांगतो, आधी स्ट्रिपरपाशी जा, जिथे द्रावण तापवून गॅस सोडवतात. तुम्ही मुलं सगळं लक्ष गॅस शोषणाऱ्या टॉवरावर, अ‍ॅब्सॉर्बरवर देता. शोषणारं रसायन विकत मिळतं रे, ते पुन्हा मोकळं करता आलं पाहिजे! लिथियम हायड्रॉक्साइडही शोषतंच; किलोमागे फार तर 900 ग्रॅम, मग डबा बाद. आणीबाणीला ठीक आहे. दोन महिन्यांच्या फेरीला किती डबे भरशील?

फरकही समजून घे. तुमच्या युनिटातलं अमाइन, एमडीईए, हायड्रोजन सल्फाइड चटकन उचलतं, कार्बन डायऑक्साइडशी मात्र संथ. पाणबुडीच्या हवेत तो जेमतेम टक्काभर, बहुधा त्याहूनही कमी. तिथे झटपट धरणारं एमईएच लागतं. पण घट्ट धरतं ते सोडतानाही जास्त उष्णता मागतं, म्हणजे पुन्हा स्ट्रिपरच! शिवाय हवेतल्या ऑक्सिजनने ते हळूहळू नासतं, अमोनिया सुटतो. अमाइनचा वास खलाशांच्या कपड्यांतून घरापर्यंत जातो. पुन्हा स्ट्रिपरच!

मलाही समुद्राकडे जायचं होतं. घरच्या जबाबदारीमुळे राहिलं, त्याची खंत आहे. पण बचत दाखवण्यासाठी स्ट्रिपर तापवणाऱ्या रीबॉयलरची वाफ कमी करा असा हुकूम आला, तेव्हा मी अडून बसलो. लीन अमाइनमध्येच, म्हणजे स्ट्रिपरमधून परत निघालेल्या द्रावणातच गॅस उरला, तर अ‍ॅब्सॉर्बरमध्ये कितीही द्रावण फिरवा, गॅस साफ होत नाही. हट्टी ठरलो, बढती अडली. अडू दे. आजही मी तेच करीन.

राजीनाम्याची घाई कसली? उद्या लीन अमाइनचा नमुना स्वतः घे. गवती पिवळा आहे की तपकिरी पडलाय, ते उजेडात धरून बघ. लोडिंग, म्हणजे त्यात किती गॅस उरलाय ते काढ, आठवडाभराच्या वाफेच्या आकड्यांशी ताडून पाहा. ते कागद घेऊन रविवारी दांडिया बाजारात घरी ये. जेवायलाच ये, काकूला सांगून ठेवतो.

तुझा,
काका