‘असं करायचं, मग असं’ : प्रात्यक्षिक भाषणं घेणाऱ्या नव्या शिक्षकास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

आठवीच्या मराठीच्या तासाला यंदा प्रात्यक्षिक भाषणं घ्यायचं ठरवलंस, चांगलं केलंस. मुलानं वर्गासमोर एखादी कृती करून दाखवायची आणि करता करता समजावून सांगायची, इतकंच त्याचं स्वरूप. पण एक गोष्ट आधीच पक्की कर. हा हस्तकलेचा तास नाही. वस्तू सुबक झाली की वेडीवाकडी, याला इथे गुण नाहीत. बोलणाऱ्याचे शब्द ऐकून दुसऱ्या मुलाच्या हातांना ती कृती जमते का, हीच कसोटी. विषय निवडण्यापासून नोंद लिहिण्यापर्यंत सगळं याच कसोटीवर ठरव.

वेळेचा हिशेब मांडून बघ. 35 मिनिटांच्या तासिकेतली 5 मिनिटं हजेरीत आणि वर्ग स्थिरस्थावर होण्यात जातात. एका भाषणाला 4 मिनिटं, नंतरच्या पडताळणीला, म्हणजे ऐकणाऱ्यानं तीच कृती करून बघण्याला, 2, सामान मांडायला-आवरायला दीड. म्हणजे तासाला चारच भाषणं. पाचवं कोंबलंस तर पडताळणीला कात्री लागते, आणि ती गेली की उरतं ते स्नेहसंमेलन. पटावर 48 मुलं असतील, तर आठवड्याला एक तास धरून 12 आठवडे लागतील. गणपतीच्या सुट्ट्या वजा जाता पहिल्या सत्रात हे जेमतेम बसतं, म्हणून जूनअखेर सुरुवात कर.

विषय मुलांवर सोडलास तर निम्मा वर्ग मॅगी, चहा आणि लिंबू सरबत आणेल. पहिल्या दोघांना गॅस लागतो, वर्गात तो नकोच. सरबत सगळ्यांनाच येतं, त्यामुळे ऐकायला कुणी कान देत नाही. विषय असा हवा की पायऱ्या पाच ते सात असतील, चार मिनिटांत उरकेल, शेवटच्या बाकावरून दिसेल आणि चूक झाली तर लगेच उघडी पडेल. यातली शेवटची अट बहुतेक जण विसरतात. शर्टाला बटण शिवणं, पुस्तकाला खाकी कव्हर घालणं, सायकलचं पंक्चर काढणं, जलसंजीवनी तयार करणं, कणकेच्या पारीला मोदकाच्या कळ्या पाडणं, सुपात धान्य पाखडणं, हे सगळे चालणारे विषय. सामान घरात असेल तेच आणायचं, विकत काही घ्यायचं नाही, हे पालकांनाही कळव. ब्लेड किंवा कात्रीचं काम असेल तर ते मुलानं घरीच उरकून आणावं.

विषय पसंत केलास की मुलाला विचार, ‘शेवटच्या बाकाला हे दिसेल का?’ बटणाचंच घे. सेंटीमीटरभर रुंदीचं बटण दुसऱ्या बाकाच्या पुढे दिसत नाही. त्यासाठी पुठ्ठ्याची वीतभर रुंद चकती कापून तिला चार भोकं पाडायची, कापडाऐवजी आधीच भोकं पाडलेला दुसरा पुठ्ठा घ्यायचा आणि दोऱ्याऐवजी बुटाची नाडी. आता हात काय करतोय ते सगळ्यांना दिसतं. बटणाखाली काडी ठेवायची, टाके घालून झाले की ती काढायची आणि सुटलेल्या दोऱ्याला बटणाखालीच तीन-चार वेढे द्यायचे, ही पायरी मुलं हमखास गाळतात. ती गाळली की बटण कापडाला घट्ट चिकटतं, काजाची पट्टी खाली मावत नाही आणि ओढाताणीत दोरा तुटतो. मोठ्या पुठ्ठ्यावर हे नुसतं सांगावं लागत नाही, दाखवता येतं.

पंक्चरची अडचण वेगळी, तिथे वेळ आडवा येतो. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायचे, जागेवर खूण करायची, ट्यूब कोरडी पुसायची, ठिगळापेक्षा थोडी जास्त जागा काचकागदानं घासायची, सोल्यूशनचा पातळ थर द्यायचा. इथपर्यंत ठीक. पण सोल्यूशन ओलं असताना ठिगळ चिकटवलं तर ते सरकतं आणि हवा भरली की सुटतं. वाळायला चार-पाच मिनिटं द्यावी लागतात, म्हणजे भाषणाची सगळी वेळ गेली. त्यामुळे अशा मुलाला दोन ट्यूब आणायला सांग, दुसरीवर सोल्यूशन तास सुरू व्हायच्या आधीच लावलेलं असेल. पहिली खाली ठेवून दुसरी उचलताना त्यानं काय केलं ते वर्गाला स्पष्ट सांगायचं, लपवायचं नाही. आणि टायरच्या आतून हात फिरवून खिळा किंवा काटा काढायची पायरी त्याच्या यादीत आहे का, ते तू बघ. बहुधा नसते. काटा तसाच राहिला तर नवं ठिगळ लावलेली ट्यूब पहिल्याच फेरीत पुन्हा बसते.

जलसंजीवनीचा विषय मुद्दाम कुणाला तरी दे, कारण प्रमाण सांगण्याचं महत्त्व त्यातून जितकं कळतं तितकं कशातूनच कळत नाही. 1 लिटर स्वच्छ पाणी, चहाच्या चमच्यानं सपाट 6 चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. यात ‘सपाट’ हा शब्द गळला की शिगोशीग चमचा पडतो. ‘चहाचा’ गळला की कुणी जेवणाचा चमचा घेतं. जुलाब झालेल्या लहान मुलाला जास्त मिठाचं पाणी अपाय करतं. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते पाणी ओतून द्यायचं आणि नव्यानं करायचं, हेही सांगायला हवं. ‘चवीपुरतं’, ‘थोडंसं’, ‘अंदाजानं’ हे शब्द स्वयंपाकघरात शोभतात. प्रात्यक्षिक भाषणात ते आले की मुलाला तिथेच थांबव आणि विचार, ‘किती?’

आता सगळ्यात मोठा रोग. ‘हे असं घ्यायचं, मग असं करायचं, मग हे असं इकडून असं.’ हात काम करत असतात म्हणून तोंड आळशी होतं. यावर उपाय एकच, पाठमोरी तालीम. भाषणाच्या आदल्या आठवड्यात मुलांच्या जोड्या कर आणि एकमेकांना पाठ टेकवून बसव. एकानं फक्त बोलायचं, दुसऱ्यानं कागद घेऊन ऐकेल तसं करायचं. होडीसारखी सोपी घडी घे. ‘असं’ म्हणून काहीच कळत नाही, हे मुलांच्या दोन मिनिटांत लक्षात येतं. मग आपोआप क्रियापदं सापडू लागतात: दुमड, उलगड, चिमटीत धर, नखानं घडी दाब, कोपरा आत खोच. मराठीत अशा क्रियापदांना तोटा नाही. पाखडणं वेगळं, घोळणं वेगळं. कालवणं वेगळं, मळणं वेगळं. एखाद्या मुलानं घरच्या बोलीतलं नाव वापरलं तर ते खोडू नकोस. बरेचदा तेच नेमकं असतं. प्रमाण मराठीतला शब्द एकदा जोडीला सांगायला लाव, पुरे.

क्रियापदाचं रूपही एकच ठेवायला सांग. मुलं ‘आपण घेणार आहोत’नं सुरुवात करतात, मध्येच ‘मी घेतलं’वर येतात आणि शेवटी ‘घ्या’ म्हणतात. ऐकणाऱ्याला कळेनासं होतं की हे आपण करायचं की नुसतं बघायचं. ‘घ्यायचं, दुमडायचं’ हे सगळ्यात सोयीचं.

डावं-उजवं हाही एक सापळाच. मुलाचं तोंड वर्गाकडे असतं, त्यामुळे त्याचा उजवा हात तो वर्गाचा डावा. गाठ किंवा वेणी दाखवताना यानं पुरता गोंधळ होतो. दोन टोकं दोन रंगांची घ्यायची, ‘लाल टोक निळ्यावरून’ असं म्हणायचं. रंग नसतील तर ‘खिडकीकडची बाजू’, ‘दाराकडची बाजू’.

शब्द आधी, हात नंतर, मग मान वर. हा क्रम तालमीत घोटून घे. हात आणि तोंड एकदम चालवलं की मुलगा वस्तूशी बोलू लागतो आणि आवाज टेबलात जिरतो. वस्तू छातीच्या उंचीवर धरली तर मान आपोआप वर राहते. कागदाचा विषय असेल तर पंखा बंद कर, नाहीतर निम्मं भाषण कागद गोळा करण्यात जाईल.

सुरुवातीबद्दल थोडं कठोर व्हावं लागेल. वक्तृत्व स्पर्धांनी मुलांना ‘अध्यक्ष महोदय, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ इतकं पाठ करून दिलंय की ते पंक्चर काढण्याआधीही म्हणतात. आणि शेवटी ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’. दोन्ही काढ. पहिल्या वाक्यात तयार वस्तू हातात धरून ती काय आहे नि कशाला लागते ते सांगायचं आणि कामाला लागायचं. पूर्ण भाषण लिहून पाठ करू देऊ नकोस. पाठ केलेला मुलगा गाठ सुटली तरी पुढचं वाक्य म्हणत राहतो. तळहाताएवढ्या कार्डावर पायरीमागे एक क्रियापद आणि लागेल तिथे आकडा, इतकंच.

भाषण संपलं की टाळ्यांच्या आधी पडताळणी. चिठ्ठी काढून एका श्रोत्याला पुढे बोलाव आणि तीच कृती त्याला करायला सांग. बोलणाऱ्यानं गप्प राहायचं. दोन मिनिटांत सगळी कृती होणार नाही, होऊही नये. तो अडतो कुठे तेवढं बघ. तो अडला तर दोष बहुतेक वेळा त्याचा नसतो, तिथे भाषणात एक पायरी किंवा एक प्रमाण राहिलेलं असतं. कुणाचं नाव निघेल ते ठाऊक नसल्यामुळे वर्गही कान देऊन ऐकतो. मात्र चिठ्ठीत नाव आलेलं मूल फार बुजरं असेल तर त्याच्याबरोबर शेजारच्यालाही बोलाव.

नोंदींचं म्हणशील तर 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयातल्या आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकवता शिकवता केलेल्या मूल्यमापनाच्या, साधनतंत्रांमध्ये तोंडीकाम आहे, प्रात्यक्षिकही आहे. भाषा विषयाला तोंडीकामाखाली नोंद कर, कारण आपण हात तपासत नाही आहोत. वर्णनात्मक नोंद ‘छान बोलतो’ अशी नको. ‘साखरेचं प्रमाण अचूक सांगितलं, चमचा कोणता ते राहिलं’ अशी असेल, तर दुसऱ्या सत्रात तू आणि मूल दोघंही तिथूनच पुढे जाऊ शकता.

पहिल्या शुक्रवारी हजेरी क्रमांकानं जाऊ नकोस. कव्हर आणि बटण हे कोरडे विषय आधी घे, पंक्चर शेवटी, म्हणजे सांडलेलं पाणी पुसण्यात दुसऱ्याची वेळ जाणार नाही. बादली आणि जुनं फडकं गुरुवारीच शिपाईमामांकडून मागून ठेव.

कळावे,
तुझा ज्येष्ठ सहकारी